जिन्यातल्या दिव्याचं बटण कुणाच्या घरात?

फेजन्यूट्रल | रविवार, रात्री १०:१२

नौपाड्यात तीस वर्षं इलेक्ट्रिकची कामं करतो. विज्ञानाशी संबंध दहावीला आला तेवढाच, तोही पास होण्यापुरता. भाची नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीचं प्रोजेक्ट करतेय, उंदरांवर. आज जेवायला आली होती. बायकोने वरणभात वाढला आणि ही उंदराच्या यकृताबद्दल सांगायला लागली. बायको ताट घेऊन आत गेली, मी बसलो ऐकत.

तिचं म्हणणं, उंदराच्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच. यकृतात तोच, डोळ्यात तोच, शेपटीतही तोच. फरक कुठलं जनुक कुठे चालू आणि कधी चालू, एवढाच. मी म्हटलं, म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखं. सगळ्या फ्लॅटचं वायरिंग सारखं, पण कुणाकडे गीझर चालू, कुणाकडे फक्त देवघरातला झिरो. ती म्हणाली, "बरोबर मामा. पण बटण कोण दाबतं ते सांगा." आणि तेवढ्यात तिची गाडीची वेळ झाली.

म्हणून इथे विचारतोय. पिल्लू आईच्या पोटात असताना अमुक दिवशी अमुक जनुक चालू झालं, हे बघतात कसं? मीटर कुठे लावतात? आणि आणखी एक, हसू नका. लहानपणी मी तांब्याभर दूध प्यायचो. आता कपभर घेतलं तरी पोटात गुडगुड. भाची म्हणते हेही त्यातलंच. ते कसं काय?

कोरडीभाकर | रविवार, रात्री १०:३१

आमच्या मीटर रूममध्ये उंदरांनी केबल कुरतडलीय. त्यांचं एक्स्प्रेशन आम्ही रोज बघतो. भाचीला हवे असतील तर फुकट घेऊन जा म्हणावं.

पांडवकडा | रविवार, रात्री ११:२०

कोरडीभाकर, ते नाही चालणार हो. आमचे उंदीर वेगळे. पंचवीस-तीस ग्रॅमचे, काळे कुळकुळीत, पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींत जुळवून इतके सारखे केलेले की सगळे एकमेकांचे जुळेच समजा. सी५७ब्लॅक६ नाव त्यांचं. २००२ साली उंदराचा पहिला जीनोम, म्हणजे अख्ख्या डीएनएचं वाचन, प्रसिद्ध झाला तो याच जातीच्या मादीचा. प्रथिनं बनवणारी साधारण २२ हजार जनुकं, गुणसूत्रांच्या वीस जोड्या. मीटर रूममधला एखादा पकडून आणला तर तो कुठल्या घराण्यातला हेच कळायचं नाही, आणि सोबत तापही घेऊन येईल.

काका, मी खारघरकडे अशाच कामात आहे, तेव्हा तुमच्या दुधापासून सुरुवात करते. उंदराचं पिल्लू पहिले तीन आठवडे आईचं दूध पितं. त्या काळात लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी लॅक्टेज बनवतात, दुधातली साखर तोडायला. पिल्लू दाणे खायला लागलं की लॅक्टेज उतरायला लागतं. जनुक बिघडत नाही, जागच्या जागी असतं, फक्त त्याचा वापर कमी होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांचं हेच आहे, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांचंही. म्हणजे तुमचं वायरिंग ठीक आहे. दुकान वेळेवर बंद झालंय, एवढंच.

ज्यांना म्हातारपणीही दूध पचतं त्यांच्यात काय असतं ते तुम्हाला आवडेल. लॅक्टेजच्या जनुकात काहीच बदल नसतो. डीएनएच्या माळेवर सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडे एमसीएम६ नावाचं शेजारचं जनुक आहे, त्याच्या पोटात एक नियंत्रणाची जागा आहे, आणि तिथलं एक अक्षर बदललेलं असतं. त्या एका अक्षरामुळे बटण आयुष्यभर चालू राहतं.

गर्भाचं उद्या लिहिते, झोप येतेय.

फेजन्यूट्रल | रविवार, रात्री ११:३४

थांबा थांबा. बटण शेजाऱ्याच्या घरात?? अहो, आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यातल्या दिव्याचं बटण पहिल्या मजल्यावरच्या एका आजींच्या दाराच्या आत आहे. ७८ साली वायरिंग करणाऱ्याने काय डोकं चालवलं देव जाणे. आजी गावाला गेल्या की जिन्यात काळोख. मी इतकी वर्षं त्याला शिव्या घालतोय.

येऊरची_वाट | सोमवार, सकाळी ७:०५

रोचक. वाचतेय.

पांडवकडा | सोमवार, रात्री ९:४८

आता गर्भ. संध्याकाळी नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मादी उचलून 'प्लग' बघायचा. समागमानंतर योनिमार्गात नराच्या स्रावाचा पांढरा, मेणासारखा गोळा बसतो, तो काही तासांत पडून जातो. म्हणून सकाळी लवकरच बघावं लागतं. प्लग दिसला की त्या दिवशीची दुपार म्हणजे अर्धा दिवस, ई०.५. तिथून मोजणी. बाळंतपण एकोणीस-वीस दिवसांनी.

आता या एकोणीस दिवसांत किती घाई असते बघा. दोन पेशींचा गर्भ झाला की उंदराची स्वतःची जनुकं जोरात बोलायला लागतात. तोपर्यंत आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चाललेलं असतं. (माणसात ही वेळ जरा उशिरा, चार ते आठ पेशींच्या सुमारास.) आठव्या-साडेआठव्या दिवशी हृदय धडधडायला लागतं. साडेनवाला पुढच्या पायांचे कोंब दिसतात. साडेदहाला अख्खा गर्भ आंबेमोहोराच्या दाण्याएवढा. आणि गंमत म्हणजे एकाच आईच्या एकाच वेळच्या पिल्लांत कुणी अर्धा दिवस पुढे, कुणी मागे. म्हणून नुसत्या तारखेवर विसंबत नाहीत. कार्ल थायलरने उंदराच्या गर्भाचे टप्पे रूपावरून पाडून दिलेत, जन्मापर्यंत २६. कोंब किती वाढला, बोटं सुटली का, हे बघून टप्पा ठरवायचा. आमच्याकडे नवीन मुलं तारीख लिहितात आणि टप्पा विसरतात, मग सहा महिन्यांनी रडतात.

मीटर कुठे लावतात म्हणालात. जनुक चालू असलं की त्याची आरएनएची प्रत निघते. त्या प्रतीला नेमका चिकटेल असा तुकडा बनवायचा, त्यावर खूण लावायची आणि अख्ख्या गर्भाला त्यात भिजवायचं. तीन-चार दिवसांचं काम, नुसतं धुणं आणि धुणं. शेवटी रंगाचं द्रावण घालून कुपी अंधारात ठेवायची. मी पहिल्यांदा केलं ते सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकासाठी. दर दहा मिनिटांनी कुपी उचलून बघत होते. आधी काहीच नाही. मग पाठीच्या मध्यावर जांभळी रेघ उमटली. आणि मग प्रत्येक पायाच्या कोंबाच्या मागच्या कडेला, जिथे पुढे करंगळी येणार त्या बाजूला, एकेक ठिपका. खसखशीपेक्षा लहान. बाकीचा अख्खा कोंब कोरा. त्या ठिपक्यातून निघणारं प्रथिन कोंबात पसरतं आणि अंगठा कुठे, करंगळी कुठे ते ठरतं.

आणि काका, या ठिपक्याचं बटण कुठे आहे माहितीये? त्या जनुकापासून आठ-दहा लाख अक्षरं लांब. दुसऱ्याच जनुकाच्या आत! तुमच्या आजींचं घर निदान त्याच जिन्यात आहे.

फेजन्यूट्रल | सोमवार, रात्री १०:०२

मग ते बटण काढून टाकलं तर?

पांडवकडा | सोमवार, रात्री १०:१५

केलंय ते. उंदीर जन्मतो तो पायाच्या पुढच्या भागाशिवाय, पंजे नाहीतच. पण मेंदू, पाठीचा कणा ठीक, कारण तिथे तेच जनुक दुसऱ्या बटणांवर चालतं. एका जनुकाला अनेक बटणं, प्रत्येक खोलीचं वेगळं. २०१६ मध्ये एका गटाने उंदरातलं हे बटण काढून तिथे सापाचं बसवलं. पाय वाढलेच नाहीत, नुसते खुंट. उलटं बघायचं तर याच बटणात एखादं अक्षर चुकलं की कोंबाच्या पुढच्या बाजूलाही जनुक पेटतं आणि जास्तीचं बोट येतं. माणसातली काही सहा बोटांची घराणी अशीच आहेत.

तुमच्या कालच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बटण दाबणारी म्हणजे दुसरी प्रथिनं. ती कुठल्या पेशीत आहेत त्यावर ठरतं. आणि ती तिथे का आहेत, तर त्यांची जनुकं आणखी कुणीतरी चालू केली म्हणून. असं मागे मागे जात थेट अंड्यापर्यंत.

शहाळं | सोमवार, रात्री ११:४०

सगळं ठीक, पण ती आई उंदरीण आणि तिची आठ पिल्लं मेली ना त्यासाठी? एका जांभळ्या ठिपक्यासाठी? कुणीच बोलत नाही त्यावर.

पांडवकडा | मंगळवार, सकाळी ८:२०

मेली. लपवण्यासारखं नाही. पहिल्या दिवशी मी डबा तसाच परत नेला होता. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. किती उंदीर, का, कमीत भागेल का, वेदना कशा टाळणार, सगळं लिहून द्यावं लागतं, आणि समितीत बाहेरचे सदस्यही असतात. जी चित्रं आधीच कुणीतरी काढलीत ती पुन्हा काढायची नाहीत हाही त्यातलाच भाग. अमेरिकेत मेनमध्ये जॅक्सन प्रयोगशाळा आहे, तिथे उंदराच्या गर्भात कुठलं जनुक कुठल्या टप्प्याला कुठे दिसलं याची मोठी नोंदवही सगळ्यांना खुली ठेवलीय. मी नवीन मुलांना आधी ती बघायला लावते. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. तुमचा प्रश्न मात्र त्याने संपत नाही, हे मान्य.

डॉ_वाशीवाले | मंगळवार, दुपारी २:१०

पॅथॉलॉजीवाला आहे, म्हणून दोन पैसे माझेही. यकृतावरून धागा सुरू झालाय तर एएफपी आलंच पाहिजे. गर्भाचं यकृत अल्फा-फीटोप्रोटीन भरपूर बनवतं, माणसातही आणि उंदरातही. जन्मानंतर ते झपाट्याने उतरतं आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं नेहमीचं प्रथिन, मात्र चालू राहतं. दोन्ही जनुकं शेजारी शेजारी, एकाच घराण्यातली. मोठ्या माणसाच्या रक्तात एएफपी बरंच वाढलेलं दिसलं की आम्ही यकृताच्या कर्करोगाचा विचार करतो, कारण त्या पेशी गर्भातला धडा पुन्हा गिरवायला लागतात. (गरोदरपणात वाढतं, हिपॅटायटिसमध्येही वाढू शकतं. रिपोर्ट बघून परस्पर निदान करू नका ही हात जोडून विनंती.)

उंदरांतला किस्सा असा. बाल्ब/सी जातीच्या एका शाखेत एएफपी जन्मानंतर पूर्ण उतरतच नाही. कारण सापडलं २००५ मध्ये. झेडएचएक्स२ नावाचं जनुक त्या शाखेत मोडलंय. ते होतं बटण बंद करणारं. चालू करणाऱ्यांइतकीच बंद करणाऱ्यांचीही ड्युटी असते.

ऐरोली_नाइटशिफ्ट | बुधवार, पहाटे ३:२५

शिफ्टमध्ये आहे. माझं काम ओल्या हातांचं नाही, मी आकडे बघतो. पांडवकडाताईंचं चित्र एका जनुकाचं आहे. आता सगळी जनुकं एकदम मोजतात. अवयव घ्यायचा, त्यातला आरएनए काढायचा आणि मशीनला वाचायला द्यायचा. २००८ मध्ये या पद्धतीचा एक सुरुवातीचा निबंध आला तो उंदराच्याच मेंदू, यकृत आणि स्नायूवर.

पण डॉक्टरसाहेबांच्या यकृताला एक उपकथा जोडतो. मी नवखा असताना ई१४.५ चं यकृत बघितलं. यादीत सगळ्यात वर हिमोग्लोबिन! मला वाटलं सॅम्पलची अदलाबदल झाली. सिनियरला उठवलं, त्याने शिव्या दिल्या. कारण त्या वयात यकृत हाच रक्ताचा कारखाना असतो. आधी अंडपीतकाच्या पिशवीत रक्त बनतं, मग यकृतात, आणि जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बस्तान हलतं. म्हणजे पाटीवर 'यकृत' लिहिलंय, पण आत राहणारे भाडेकरूच वेगळे. जनुक खाली-वर झालं, की ते जनुक वापरणाऱ्या पेशीच निघून गेल्या, हे अख्ख्या अवयवाच्या मोजणीतून कळत नाही. मिसळ मिक्सरमधून काढायची आणि मग मटकी किती होती सांगायचं, असला प्रकार.

त्यावर उपाय म्हणजे एकेक पेशी वेगळी मोजणं. २०१८ च्या टॅब्युला म्युरिस नावाच्या पेशींच्या नोंदवहीत उंदराच्या २० अवयवांतल्या सुमारे एक लाख पेशी आहेत. २०१९ मध्ये तर ई९.५ ते ई१३.५ या चारच दिवसांच्या गर्भांतल्या वीस लाखांच्या आसपास पेशी एका निबंधात आल्या. फाइल उघडताना माझा लॅपटॉप बसला तो बसलाच.

अवांतर: सगळ्यात जास्त जनुकं चालू असलेला अवयव कुठला ओळखा. मेंदू म्हणाल. तो भरपूर वर आहे, पण पहिला नंबर वृषणाचा. त्यावर विनोद करू नयेत.

कोरडीभाकर | बुधवार, सकाळी ९:००

केलाच नाही.

येऊरची_वाट | बुधवार, सकाळी ९:४०

एक शंका. हे सगळं उंदराचं. माणसाला किती लागू?

डॉ_वाशीवाले | बुधवार, दुपारी १:५०

अवयव बघून बोलावं. एएफपी जुळतं. हृदय घ्या, तिथे उलटं होतं. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारतं, आपलं सत्तर-बहात्तर. हृदयाच्या स्नायूत मायोसिन, म्हणजे आकुंचन करणारं प्रथिन, दोन प्रकारचं, एक जलद, एक संथ. उंदराच्या गर्भात खालच्या कप्प्यांत संथ असतं, जन्मानंतर ते जाऊन जलद येतं. माणसाच्या खालच्या कप्प्यांत मोठेपणीही मुख्यतः संथच. त्यामुळे उंदरात मायोसिनवर काही दिसलं म्हणून पेशंटला सांगायला धावू नये. मात्र ताण आला की उंदराचं हृदय पुन्हा गर्भातल्या संथ मायोसिनकडे वळतं. हृदयावर ताण आला की रक्तात बीएनपी नावाचं प्रथिन वाढतं ते याच जातीचं, आणि ती तपासणी आम्ही रोज करतो.

थॅलेसेमियावाल्यांचीही अडचण अशीच. आपल्यात गर्भाचं वेगळं हिमोग्लोबिन असतं, उंदीर भ्रूणाच्या हिमोग्लोबिनवरून थेट मोठ्यांच्यावर उडी मारतो. मधली पायरीच नाही. म्हणून माणसाचा तो डीएनएचा तुकडा उंदरात घालून अभ्यास करावा लागला.

पांडवकडा | बुधवार, रात्री १०:३०

सगळे शहाण्यासारखं बोलताहेत तर माझा एक मूर्खपणा सांगते.

एका औषधाचा यकृतावर परिणाम बघत होते. सहा उंदीर औषधाशिवाय, सहा औषधाचे. पहिले सहा सकाळी नऊला मारून यकृतं काढली. मग जुलैचा पाऊस, दुसऱ्या दिवशी रुळांवर पाणी, मी पोचले चारला. म्हटलं उद्यावर कशाला ढकला, पाच वाजता उरलेले सहा केले. क्यूपीसीआर लावलं, म्हणजे जनुकाच्या प्रती दर सायकलला दुप्पट करत मोजायचं मशीन. डीबीपी नावाचं जनुक औषधाच्या गटात पाच सायकल आधी दिसायला लागलं, म्हणजे सुरुवातीलाच जास्त होतं. एक सायकल म्हणजे दुप्पट, पाच म्हणजे बत्तीस पट! मी सरांना फोन केला, आईला केला, पेढे आणले.

सरांनी एकच विचारलं, "किती वाजता केलेस?"

डीबीपी यकृताच्या घड्याळावर चालतं. सकाळी तळाला, संध्याकाळकडे शिखरावर. औषधाचा संबंधच नव्हता, मी सकाळ आणि संध्याकाळ मोजली होती. २०१४ मध्ये उंदराच्या १२ अवयवांचा दर दोन तासांनी हिशोब घेतला गेला, त्यात ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसरात्रीच्या तालावर खाली-वर होताना दिसली. यकृतात सगळ्यात जास्त. बारा उंदीर वाया गेले. शहाळं, तुमचा प्रश्न मला त्या दिवशी सगळ्यात जास्त टोचला.

फेजन्यूट्रल | बुधवार, रात्री १०:४४

ॲनिमल हाउसला टायमर कुठला? रात्री कुणी चुकून ट्यूब लावली तर उंदरांचं घड्याळ सरकत नाही का? आणि ते बत्तीस पट कशाच्या तुलनेत मोजता? आम्ही व्होल्टेज मोजतो ते न्यूट्रलला धरून. न्यूट्रल सुटलेला असेल तर मीटर काहीही दाखवतं, एका फेजला दीडशे, एकाला तीनशे, आणि लोकांचे फ्रिज जळतात.

पांडवकडा | बुधवार, रात्री ११:०५

काका, तुम्ही आमच्या लॅब मीटिंगला या. दोन्ही प्रश्न परीक्षकाचे आहेत.

डिजिटल टायमर, बॅटरीसकट. सकाळी सातला दिवे लागतात, संध्याकाळी सातला जातात. रात्री ट्यूब लावली तर घड्याळ सरकतंच, म्हणून अंधारात जावं लागलं तर मंद लाल दिवा.

आणि न्यूट्रल. आम्ही प्रत्येक सॅम्पलमध्ये एक 'कायम सारखं' जनुक धरतो आणि बाकीची त्याच्या तुलनेत. जुन्या सवयीने लोक गॅपडीएच धरतात. पण ते साखर जाळण्याच्या कामातलं आहे, स्नायूत भरभरून, इतरत्र कमी. स्नायू आणि यकृत यांची तुलना गॅपडीएचवर केली की तुमचा न्यूट्रल सुटला. गर्भाच्या टप्प्यांतही तेच. त्यामुळे आधी दहाएक जनुकं तपासायची, आपल्या अवयवांत आणि आपल्या वयांत जी हलत नाहीत अशी दोन-तीन निवडायची, मग पुढचं. अर्धे लोक हे करत नाहीत आणि त्यांचे फ्रिज जळतात.

भाचीबाई | शनिवार, रात्री ९:१५

नवीन आयडी आहे, या धाग्यासाठीच काढला. मी तीच भाची. मामा, ७८ सालच्या वायरमनला शिव्या देणं आता थांबवा.

पांडवकडाताई, न्यूट्रलचं वाचून माझी यादी बदलली. ई१२.५, ई१४.५, ई१६.५ आणि जन्माचा दिवस, चारही वयांच्या यकृतांत गॅपडीएच धरणार होते. आता आधी दहा तपासतेय. ई१४.५ ची वेळ बुधवारी आहे, आणि बाकीची सगळी सकाळी नऊलाच करायची ठरवलीत. मामा, मंगळवारी रात्री तुमच्याकडे राहायला येते. पाऊस असेल तर खारघरपर्यंत सोडाल का? साडेआठच्या आत.

फेजन्यूट्रल | शनिवार, रात्री ९:२१

सोडतो. सातला निघू, ऐरोलीच्या पुलाकडे गर्दी व्हायच्या आत. मामीने विचारलंय, जेवताना यकृत काढणार नसशील तर वालाचं बिरडं करते.